होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, इ.स. १९०९; मुंबई - २४ जानेवारी, इ.स. १९६६, माँ ब्लाँ, फ्रान्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रणेते होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुऊर्जा आस्थापना हीदेखील त्यांचीच निर्मिती असून त्यांच्या निधनानंतर तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरणाचे गणित यांसाठी भौतिकशास्त्रात त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात तयार मिळणारी यंत्रे विकत घेऊन काम लवकर सुरू करावे, की वेळ लागला तरी ती देशातच बांधावीत, हा प्रश्न भाभांच्या संस्थात्मक कार्यात वारंवार उपस्थित झाला. अणुभट्ट्या, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी दोन्ही मार्गांचा अवलंब केला. त्या निर्णयांचे परिणाम त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षे दिसत राहिले.

बालपण व कुटुंब

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व सधन पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर हे इंग्लंडमध्ये शिकलेले बॅरिस्टर होते. आईचे नाव मेहरबाई असे होते. आत्या मेहरबाई यांचा विवाह जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्याशी झाल्याने टाटा घराण्याशी भाभा कुटुंबाचा निकटचा संबंध होता. देशात पोलाद व वीज निर्माण करण्याच्या टाटांच्या योजनांची चर्चा होमी लहानपणापासून ऐकत आले. धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राची उभारणी केली.

घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. सुटे भाग जुळवून यंत्रांच्या प्रतिकृती करण्याच्या मेकॅनो या खेळाची होमींना आवड होती. त्यांचे शालेय शिक्षण मुंबईतील कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. त्यानंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे त्यांनी अध्ययन केले.

केंब्रिजमधील शिक्षण

इ.स. १९२७ मध्ये भाभा केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कामाला लागावे, अशी वडिलांची व सर दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजमध्ये मात्र त्यांचे मन सैद्धान्तिक भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. भौतिकशास्त्राखेरीज अन्य कशात आपल्याला रस नाही, असे त्यांनी वडिलांना पत्राने कळवले. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळाल्यास गणिताच्या पुढील शिक्षणाचा खर्च करण्याचे वडिलांनी मान्य केले. इ.स. १९३० मध्ये भाभा यांनी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली. त्यानंतर गणिताची परीक्षा देऊन ते संशोधनाकडे वळले.

इच्छेविरुद्ध घेतलेले हे अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांना पुढे उपयोगी पडले. समीकरणे मांडणारा शास्त्रज्ञ आणि आराखडे वाचणारा अभियंता अशा दोन्ही भूमिका त्यांना निभावता आल्या. त्यांच्या संस्थांमध्ये कार्यशाळेला मिळालेल्या महत्त्वामागे हेही एक कारण होते.

वैज्ञानिक संशोधन

भाभा यांचा पहिला शोधनिबंध इ.स. १९३३ मध्ये विश्वकिरणांच्या शोषणावर प्रसिद्ध झाला. इ.स. १९३५ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. या काळात त्यांनी झुरिकमध्ये वोल्फगांग पाउली व रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्यासमवेत काम केले. कोपनहेगनमधील नील्स बोर यांच्या संस्थेतही त्यांचे वास्तव्य होते.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा त्याची संभाव्यता किती असते, हे भाभा यांनी गणिताने काढले. ही प्रक्रिया भाभा विकिरण या नावाने ओळखली जाते. कणवेगवर्धकांमध्ये शलाकेची तीव्रता मोजण्यासाठी तिचा आजही उपयोग होतो. इ.स. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. अवकाशातून येणारा एक ऊर्जावान कण वातावरणात टप्प्याटप्प्याने असंख्य दुय्यम कण कसे निर्माण करतो, याचे स्पष्टीकरण या सिद्धान्ताने मिळाले. इ.स. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले आणि इ.स. १९४२ मध्ये त्यांना केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले.

बंगळूर येथील काळ

इ.स. १९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे इंग्लंडला परतणे लांबले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात ते प्रपाठक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. युद्धामुळे परदेशी उपकरणे मागवणे अवघड झाले होते. त्यामुळे कण मोजणारी गणित्रे व त्यांना लागणारे विद्युतमंडल प्रयोगशाळेतच तयार करावे लागले. उपकरण स्वतः बांधणाऱ्या संशोधकाला त्याच्या मर्यादा कळतात, तसेच ते बिघडल्यावर दुरुस्तही करता येते, हा अनुभव या काळात पदरी पडला.

युरोपात परतण्याऐवजी भारतातच उत्तम दर्जाची संशोधनसंस्था उभारावी, असा त्यांचा निश्चय येथेच झाला. १२ मार्च, इ.स. १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून अशा संस्थेसाठी साहाय्य मागितले. काही दशकांनंतर अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याची वेळ येईल, तेव्हा त्यासाठी लागणारे तज्ज्ञ देशाला बाहेर शोधावे लागू नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर अणुबाँब टाकला जाण्यास त्या वेळी वर्षाहून अधिक अवकाश होता.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१ जून, इ.स. १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूर येथे सुरू झाले. त्याच वर्षाअखेर संस्था मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात हलवण्यात आली. इ.स. १९४९ मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्यातील सध्याच्या इमारतीची कोनशिला इ.स. १९५४ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवण्यात आली व जानेवारी, इ.स. १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले.

आधी पद निर्माण करून मग त्यासाठी माणूस शोधण्याऐवजी योग्य माणूस मिळाला की त्याच्याभोवती विभाग उभा करावा, ही भाभा यांची पद्धत होती. गणित, विश्वकिरण, अणुकेंद्रीय भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या शाखा या रीतीने वाढत गेल्या. उपकरणे बांधणारा इलेक्ट्रॉनिक्स विभाग हा संस्थेचा एक प्रमुख भाग होता. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखालील या कामातूनच पुढे अणुभट्टीच्या नियंत्रण यंत्रणा तयार झाल्या.

अणुऊर्जा कार्यक्रम व अप्सरा

ऑगस्ट, इ.स. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची स्थापना होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. इ.स. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग स्थापन झाला व ते त्याचे सचिव झाले. त्याच वर्षी तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना सुरू करण्यात आली. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित, परंतु केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल आहे. हे लक्षात घेऊन भाभा यांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या उभारावयाच्या होत्या. त्यांतून मिळणारे प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यातील द्रुत प्रजनक भट्ट्यांत वापरले जाणार होते, तर तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून ऊर्जा मिळवण्याची योजना होती. परदेशी इंधनावर कायम अवलंबून राहावे लागू नये, हा या मांडणीचा गाभा होता.

पहिल्या संशोधन अणुभट्टीचा निर्णय इ.स. १९५५ मध्ये झाला. तयार भट्टी आयात करण्याचा मार्ग खुला असतानाही जलतरण तलावाच्या धर्तीवरील लहान भट्टी स्वतः बांधण्याचे ठरले. तिचा आराखडा, बांधकाम व नियंत्रण यंत्रणा भारतीय अभियंत्यांनी तयार केली. समृद्ध युरेनियमचे इंधन तेवढे ब्रिटनकडून घेण्यात आले, कारण ते बनवण्याची क्षमता देशात नव्हती. ४ ऑगस्ट, इ.स. १९५६ रोजी ही भट्टी कार्यान्वित झाली. ती आशियातील पहिली अणुभट्टी मानली जाते. पाण्यातून दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले.

यानंतरची सायरस ही भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभारण्यात आली. तिचा आराखडा कॅनडाचा होता व जड पाणी अमेरिकेचे होते. ४० मेगावॅट क्षमतेची ही भट्टी जुलै, इ.स. १९६० मध्ये कार्यान्वित झाली. मात्र तिच्यासाठी लागणारे युरेनियम धातूचे इंधन तुर्भे येथेच तयार करण्याचा आग्रह भाभा यांनी धरला आणि त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प उभारण्यात आले. इ.स. १९६१ मध्ये झर्लिना ही भट्टी भारतीय आराखड्यानुसार बांधण्यात आली. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा तुर्भे येथील प्रकल्प इ.स. १९६४ मध्ये सुरू झाला. या प्रकल्पाची उभारणी होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी केली.

मनुष्यबळासाठी इ.स. १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना वर्षभर प्रशिक्षण देऊन कामावर घेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. पुढील अनेक दशके अणुऊर्जा विभागाचे बहुसंख्य शास्त्रज्ञ याच शाळेतून आले.

टिफरॅक संगणक

विश्वकिरण व अणुकेंद्रीय संशोधनातील आकडेमोड हाताने किंवा यांत्रिक गणनयंत्रांनी करणे इ.स. १९५० च्या दशकात अशक्यप्राय होऊ लागले. त्या सुमारास देशात संगणक आणण्याचे दोन वेगळे प्रयत्न झाले. कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेने प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधून एचईसी-२एम हा तयार संगणक मागवला. इ.स. १९५६ पासून तो वापरात आला व काही वर्षांनी सोव्हिएत संघाचा उराल हा संगणकही तेथे बसवण्यात आला. मुंबईत भाभा यांनी दुसरा मार्ग निवडला आणि टाटा संस्थेतच संगणक बांधण्याच्या कामाला मान्यता दिली.

इ.स. १९५४ मध्ये संस्थेत आलेले आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंते व भौतिकशास्त्रज्ञांचा एक गट या कामाला लागला. गटातील बहुतेकांना संगणक बांधण्याचा अनुभव नव्हता. परदेशी विद्यापीठांचे प्रसिद्ध अहवाल अभ्यासून त्यांनी आराखडा तयार केला. पूर्ण यंत्राला हात घालण्यापूर्वी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधण्यात आले व ते इ.स. १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्यावर अंकगणित करणारी मंडले, स्मृती आणि त्यांचा परस्परमेळ तपासून घेतल्यानंतरच मोठ्या यंत्राचे काम हाती घेण्यात आले.

पूर्ण यंत्राची जुळणी इ.स. १९५९ मध्ये संपली व फेब्रुवारी, इ.स. १९६० मध्ये ते औपचारिकरीत्या कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एका शब्दाची लांबी ४० बिट होती आणि आरंभी स्मृतीत १,०२४ शब्द मावत. ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडी चुंबकीय दिशेच्या रूपाने एक बिट धरून ठेवत असे. माहिती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत जाई. उत्तरे दूरमुद्रकावर छापली जात, तसेच आलेख दाखवण्यासाठी कॅथोड किरण नलिकेचा पडदाही जोडलेला होता. कुलाब्यातील इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी नेहरूंनी या यंत्राला टिफरॅक हे नाव दिले. टाटा संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ते बनले आहे.

टिफरॅकवर काम करणाऱ्याला आज्ञावली यंत्राच्या स्वतःच्या सांकेतिक आज्ञांच्या रूपात लिहावी लागे. स्मृतीतील कोणत्या जागी कोणती संख्या ठेवायची, हेही त्यालाच ठरवावे लागे. हे काम कष्टाचे होते, परंतु त्यातून यंत्र आतून जाणणारी एक पिढी तयार झाली. टाटा संस्थेबरोबरच बाहेरील संशोधन संस्था व विद्यापीठांनीही या संगणकाचा उपयोग करून घेतला.

तयार संगणकाचे आगमन

टिफरॅक पूर्ण झाला तोपर्यंत परदेशात निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. बांधणीला लागलेल्या पाच-सहा वर्षांत यंत्राचे तंत्रज्ञान मागे पडले होते. नळ्या तापत, त्या वारंवार बदलाव्या लागत आणि वाढत्या मागणीच्या मानाने यंत्राचा वेग व स्मृती दोन्ही अपुरी होती. भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा मान्य केली. त्याच पद्धतीने दुसरे मोठे यंत्र बांधण्याऐवजी तयार संगणक घेण्याचे ठरले. अमेरिकी साहाय्यातून मिळालेला कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक इ.स. १९६४ मध्ये संस्थेत बसवण्यात आला.

सीडीसी ३६०० सोबत फोरट्रान भाषेचा कंपायलर आला. गणिती सूत्रांसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली तो यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतरित करत असे. त्यामुळे यंत्राची आतली रचना न जाणणाऱ्या संशोधकांनाही संगणक वापरता येऊ लागला. देशभरातील विद्यापीठे, शासकीय संस्था व उद्योग यांनी या सुविधेचा लाभ घेतला आणि हजारो जणांना संगणकाची पहिली ओळख येथेच झाली. टिफरॅक त्यानंतर निवृत्त करण्यात आला. नवे यंत्र बसवण्यासाठी व चालवण्यासाठी आवश्यक असलेली माणसे मात्र संस्थेत आधीच तयार होती.

टिफरॅकवर झालेला खर्च व श्रम यांविषयी दोन मते आढळतात. सुरुवातीपासूनच चांगला संगणक विकत घेतला असता तर संशोधनाला अधिक वेग आला असता, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार टिफरॅकचे खरे फळ हे यंत्र नसून ते बांधणारा गट होता. याच परंपरेतून इ.स. १९६९ मध्ये तुर्भे येथे टीडीसी-१२ हा देशी संगणक विकसित झाला आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने अशा संगणकांचे उत्पादन केले.

तारापूर व राजस्थान

वीजनिर्मितीच्या बाबतीत भाभा यांनी तयार तंत्रज्ञानाचा मोठा निर्णय घेतला. अणुऊर्जेपासून किफायतशीर वीज मिळू शकते, हे लवकर सिद्ध करण्याची त्यांना निकड वाटत होती. त्यासाठी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील व आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर हे ठिकाण निवडण्यात आले. अमेरिकेशी इ.स. १९६३ मध्ये करार झाला व पुढील वर्षी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीला दोन भट्ट्या पूर्णपणे उभारून देण्याचे काम देण्यात आले. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेने पुरवावयाचे होते. तीन टप्प्यांच्या कार्यक्रमातील नैसर्गिक युरेनियमच्या मार्गापासून हा अपवाद होता. तारापूरची वीज ऑक्टोबर, इ.स. १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर मिळू लागली.

राजस्थानातील रावतभाटा येथे मात्र नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालणारी कॅनडाच्या पद्धतीची भट्टी उभारण्याचे ठरले. या भट्टीचे इंधन देशात बनवता येणार होते. तंत्र आत्मसात करून पुढील भट्ट्या स्वतः बांधाव्यात, असा या निवडीमागील हेतू होता.

इलेक्ट्रॉनिक्स समिती

इ.स. १९६२ च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी शासनाने इ.स. १९६३ मध्ये भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल इ.स. १९६६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक्समध्ये देश स्वयंपूर्ण व्हावा, यासाठी सुटे भाग, उपकरणे व संगणक यांच्या उत्पादनाची योजना त्यात होती. तुर्भे येथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कामातून इ.स. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली.

कला व व्यक्तिगत जीवन

भाभा अविवाहित होते. ते उत्तम चित्रकार होते. मित्र व सहकारी शास्त्रज्ञांची त्यांनी रेखाटलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. पाश्चात्त्य अभिजात संगीत, वास्तुकला व उद्यानरचना यांत त्यांना विशेष गती होती. टाटा संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेतली. त्यामुळे त्या काळातील आधुनिक चित्रकलेचा एक महत्त्वाचा संग्रह संस्थेत तयार झाला. तेथील भव्य भित्तिचित्र मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. बांधकामाच्या आड येणारी झाडे तोडण्याऐवजी मुळांसह उचलून दुसरीकडे लावण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. मलबार हिलवरील मेहरांगीर हा त्यांचा बंगला इ.स. २०१४ मध्ये लिलावात विकला गेला व नंतर पाडण्यात आला.

निधन

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. २४ जानेवारी, इ.स. १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाजवळ उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. विमानाच्या नेमक्या स्थानाविषयी वैमानिक व जिनिव्हाचे हवाई नियंत्रण यांच्यात झालेला गैरसमज हे अपघाताचे कारण असल्याचा निष्कर्ष अधिकृत चौकशीत काढण्यात आला. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद त्यानंतर विक्रम साराभाई यांच्याकडे व टाटा संस्थेचे संचालकपद एम. जी. के. मेनन यांच्याकडे आले.

निधनोत्तर काळातील परिणाम

मे, इ.स. १९७४ मध्ये पोखरण येथे भारताने अणुचाचणी केली. तिच्यासाठी सायरस भट्टीतील प्लुटोनियम वापरण्यात आले होते. कॅनडाने त्यानंतर सहकार्य थांबवले. राजस्थानातील दुसरी भट्टी तेव्हा अपुरी होती. भारतीय अभियंत्यांनी ती पूर्ण केली व इ.स. १९८१ मध्ये ती सुरू झाली. त्याच पद्धतीच्या भट्ट्या पुढे कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार व कैगा येथे भारतीय आराखड्यानुसार उभारण्यात आल्या.

तारापूरची स्थिती वेगळी होती. इ.स. १९७८ मध्ये अमेरिकेने अणुप्रसारविरोधी कायदा केला आणि समृद्ध युरेनियमचा पुरवठा बंद पडत गेला. भट्ट्या चालवणारे अभियंते भारतीय होते व इंधनाचे गठ्ठेही हैदराबाद येथे तयार होत होते, परंतु मूळ समृद्ध युरेनियम देशात बनत नव्हते. त्यासाठी प्रथम फ्रान्सकडे व नंतर अन्य देशांकडे जावे लागले. काही काळ भट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागल्या. तुर्भे येथे तयार केलेल्या मिश्र ऑक्साइड इंधनाचाही काही प्रमाणात वापर करण्यात आला.

संगणकाच्या क्षेत्रात टाटा संस्थेतील गटातून सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले व पुढे ते एनसीएसटी या नावाने स्वतंत्र झाले. इ.स. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक संगणकजाळ्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. मुंबईतील हे केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यातील टपालजोडणी ही देशातील ई-मेलच्या आरंभीच्या जोडण्यांपैकी एक होती.

मूल्यमापन

भाभा यांना केवळ स्वदेशीचे किंवा केवळ आयातीचे पुरस्कर्ते म्हणता येत नाही. अप्सरा व टिफरॅक त्यांनी बांधून घेतले, तर तारापूर व सीडीसी ३६०० विकत घेतले. सायरसच्या बाबतीत आराखडा बाहेरून घेऊन इंधन मात्र घरी बनवले. तयार यंत्राने वेळ वाचतो. ते उघडण्याची, बदलण्याची व त्यापुढचे यंत्र घडवण्याची क्षमता मात्र बांधणाऱ्याकडेच राहते, याची जाणीव त्यांच्या बहुतेक निर्णयांत दिसते. ज्या आयातीच्या जोडीला देशात तसे ज्ञान असलेला गट होता, ती आयात पचली. टिफरॅकच्या गटाने सीडीसी ३६०० सहज हाताळला आणि कॅनडा निघून गेल्यावरही राजस्थानचे काम पुढे गेले. तारापूरच्या इंधनासाठी असा आधार नव्हता आणि पुरवठा थांबल्यावर ती उणीव जाणवली.

सर्व्हर चालवणाऱ्या तंत्रज्ञापुढे आज हाच प्रश्न लहान प्रमाणात येतो. सॉफ्टवेअरचे तयार पॅकेज बसवल्यास ते काही मिनिटांत सुरू होते. त्याला लागणारे इतर घटक आपोआप येतात व सुरक्षाविषयक सुधारणाही वितरकाकडून मिळत राहतात. सोर्स कोड घेऊन स्वतः कंपाइल केल्यास हवे ते भाग निवडता येतात व नवी आवृत्ती लगेच वापरता येते, परंतु पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा भार स्वतःवर येतो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी पॅकेज घेणे व अडचणीच्या वेळी स्वतः कंपाइल करता येण्याइतकी माहिती ठेवणे, ही रीत प्रचलित आहे. टाटा संस्थेत टिफरॅकनंतर सीडीसी ३६०० आला, तेव्हाचा क्रमही याहून फारसा वेगळा नव्हता.

सन्मान व स्मृती

भारत सरकारने इ.स. १९५४ मध्ये भाभा यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवले. इ.स. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. तुर्भे येथील आस्थापनेला इ.स. १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र व अणुऊर्जा विभागाचे होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. अप्सरा भट्टी इ.स. २००९ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या जागी अधिक क्षमतेची सुधारित अप्सरा इ.स. २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. मूळ अप्सरेचे इंधन ब्रिटनमधून आले होते, तर नव्या अप्सरेचे इंधन भारतात तयार झालेले आहे.